डबल बेसचे ध्वनिवर्धन

डबल बेस या तंतुवाद्याचा आवाज प्रत्यक्ष कार्यक्रमात श्रोत्यांपर्यंत आणि सहवादकांपर्यंत पुरेशा मोठेपणाने पोहोचावा यासाठी मायक्रोफोन किंवा पिकअप, प्रीअ‍ॅम्प, ध्वनिवर्धक आणि स्पीकर यांची जी साखळी वापरली जाते, तिला डबल बेसचे ध्वनिवर्धन असे म्हणतात. डबल बेस हे व्हायोलिनशी नाते सांगणाऱ्या वाद्यांपैकी आकाराने सर्वांत मोठे आणि स्वराने सर्वांत खालचे वाद्य आहे. त्याला अपराइट बेस, कॉन्ट्राबेस किंवा अकूस्टिक बेस असेही म्हटले जाते. जॅझ, रॉकअबिली, ब्लूग्रास आणि लोकसंगीताच्या वाद्यवृंदांत ते प्रामुख्याने बोटांनी छेडून वाजवले जाते, तर पाश्चात्त्य अभिजात संगीतात मुख्यतः गजाने.

वाद्य आकाराने मोठे असले तरी त्याचा आवाज ड्रम, ट्रम्पेट किंवा विद्युत गिटार यांच्यासमोर सहज दबून जातो. तो मोठा करताना तीन अडचणी येतात. वाद्याचे खालचे स्वर पुनरुत्पादित करणे खर्चिक असते, वाद्याची पोकळ पेटी स्पीकरचा आवाज पुन्हा ग्रहण करून फीडबॅक निर्माण करते, आणि पिकअपमधून येणारा आवाज वाद्याच्या नैसर्गिक, ‘लाकडी’ आवाजापेक्षा वेगळा भासतो. मर्यादित खर्चात या तिन्हींचा समतोल साधणे हा या विषयाचा गाभा आहे.

ध्वनिशास्त्रीय पार्श्वभूमी

चार तारांच्या डबल बेसच्या मोकळ्या तारा खालून वर ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावतात. त्यांच्या मूळ वारंवारता अनुक्रमे सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ असतात. पाच तारांच्या वाद्यात खालची बी ही तार असल्यास तिची वारंवारता सुमारे ३१ हर्ट्झ असते. ४१ हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी ८ मीटरहून अधिक भरते. इतक्या लांब तरंगाच्या तुलनेत वाद्याची पेटी लहान असल्यामुळे ती सर्वांत खालचे स्वर कार्यक्षमतेने हवेत सोडू शकत नाही.

पेटीतील हवेचे मुख्य अनुस्पंदन साधारणतः ६० ते ७० हर्ट्झच्या आसपास असते आणि लाकडी पृष्ठभागाचे मुख्य अनुस्पंदन त्याहून वर, १०० हर्ट्झच्या परिसरात असते. त्यामुळे मोकळी ई तार छेडली असता ऐकू येणाऱ्या आवाजात ४१ हर्ट्झचा मूळ घटक तुलनेने क्षीण असतो. ८२, १२४ आणि १६५ हर्ट्झचे उपस्वर अधिक प्रबळ असतात. मानवी श्रवणसंस्था या उपस्वरांच्या अंतरावरून मूळ स्वर ओळखते. म्हणजेच डबल बेसचा जो आवाज कानाला ‘खोल’ वाटतो, त्यातील बराचसा भाग ८० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो.

या वस्तुस्थितीचा खर्चाशी थेट संबंध आहे. स्पीकरची वारंवारता निम्मी केली आणि आवाज तितकाच हवा असेल, तर त्याच्या पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. त्यामुळे ४० हर्ट्झपर्यंत पूर्ण ताकदीने वाजणारा स्पीकर मोठा, जड आणि महाग होतो. ६० ते ७० हर्ट्झपासून स्वच्छ वाजणारा लहान स्पीकर मात्र डबल बेसचे स्वरूप पुष्कळसे टिकवू शकतो.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत न्यू ऑर्लीन्समधील जॅझ वादक आवाज वाढवण्यासाठी कोणत्याही विद्युत साधनाशिवाय तार खेचून फिंगरबोर्डवर आपटत असत. स्लॅप या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र पॉप्स फॉस्टर आणि ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील वेलमन ब्रॉड यांसारख्या वादकांनी लोकप्रिय केले. त्या काळी तारा प्राण्यांच्या आतड्यांपासून बनवलेल्या असत आणि त्या फिंगरबोर्डपासून बऱ्याच उंचीवर ठेवल्या जात. यामुळे आवाज मोठा येई, पण वादनासाठी बोटांना मोठा जोर लावावा लागे.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस विद्युत गिटारचा प्रसार झाल्यावर वाद्यवृंदातील आवाजाचा समतोल बदलू लागला. याच सुमारास, १९३९ मध्ये, एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात दाखल झालेल्या जिमी ब्लँटन यांनी डबल बेसला एकल वादनाचे वाद्य म्हणून पुढे आणले. बेसवादक केवळ ताल धरणारा न राहता त्याचा प्रत्येक स्वर ऐकू यावा, ही अपेक्षा त्यानंतर वाढत गेली.

अमेरिकन बेसवादक एव्हरेट हल यांनी वाद्याला जमिनीवर टेकवणाऱ्या पोकळ एंडपिनच्या वरच्या टोकाला, म्हणजे पेटीच्या आत, मायक्रोफोन बसवण्याची युक्ती काढली आणि १९४६ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’ या वर्णनावरून त्यांच्या कंपनीला अ‍ॅम्पेग हे नाव मिळाले. पुढे बेस गिटारच्या ध्वनिवर्धकांसाठी प्रसिद्ध झालेल्या या कंपनीचा उगम अशा प्रकारे डबल बेसच्या ध्वनिवर्धनात आहे. तिचा पोर्टाफ्लेक्स बी-१५ हा ध्वनिवर्धक १९६० मध्ये आला.

१९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस हा विद्युत बेस गिटार बाजारात आणला. त्याची पेटी भरीव असल्याने फीडबॅकचा प्रश्न फारसा उरत नव्हता आणि तो प्रवासात नेणे सोपे होते. पुढील दीड-दोन दशकांत रॉक आणि नृत्यसंगीतातून डबल बेस मोठ्या प्रमाणावर मागे पडला. जॅझमध्ये मात्र तो टिकून राहिला.

१९५० आणि १९६० च्या दशकांत आतड्याच्या तारांची जागा पोलादी तारांनी घेतली आणि १९६० च्या दशकात बार्कस-बेरी यांसारख्या उत्पादकांचे पीझो पिकअप उपलब्ध झाले. पोलादी तारा जवळ ठेवता येतात आणि त्यांचा स्वर अधिक काळ टिकतो. पिकअपमुळे कमी जोर लावूनही मोठा आवाज मिळू लागला, म्हणून १९७० च्या दशकात रॉन कार्टर आणि एडी गोमेझ यांच्या पिढीतील वादकांच्या ध्वनिमुद्रणांत जलद हालचालींचा आणि लांबत जाणाऱ्या स्वरांचा बेस ऐकू येतो. त्या काळातील थेट पिकअपचा आवाज काही श्रोत्यांना नाकातून आल्यासारखा वाटे. १९८० च्या दशकात याविरुद्ध प्रतिक्रिया उमटली. निर्माते डेल्फियो मार्सालिस यांनी आपण निर्मिलेल्या ध्वनिमुद्रिकांवर बेसचा थेट विद्युत संदेश वापरलेला नसल्याची नोंद छापण्यास सुरुवात केली.

१९८१ मध्ये लॅरी फिशमन या बेसवादकाने स्थापन केलेली फिशमन ही कंपनी, तसेच न्यू यॉर्कमधील वाद्यकारागीर डेव्हिड गेज यांचा रिअ‍ॅलिस्ट हा पिकअप, यांमुळे नैसर्गिक आवाजाच्या जवळ जाणारे पर्याय वाढले. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर प्रसारित झालेल्या क्लास-डी ध्वनिवर्धकांनी वजनाचा प्रश्न पुष्कळसा सोडवला. पूर्वी दोन माणसांना उचलावी लागणारी शक्ती आता काही किलोग्रॅमच्या पेटीत मावते.

ध्वनिग्रहणाची साधने

वाद्याच्या कंपनांचे विद्युत संदेशात रूपांतर करणारे साधन हा साखळीतील पहिला दुवा होय. अंतिम आवाजाचे स्वरूप ठरवण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

मायक्रोफोन: हवेतील ध्वनी ग्रहण करत असल्यामुळे मायक्रोफोनचा आवाज सर्वांत नैसर्गिक असतो. मात्र तो शेजारच्या ड्रमचा आणि स्पीकरचा आवाजही तितक्याच निष्ठेने ग्रहण करतो. त्यामुळे तो शांत संचांत किंवा मोठ्या सभागृहात उपयुक्त ठरतो, गोंगाटाच्या लहान रंगमंचावर नाही. सर्वांत स्वस्त उपाय म्हणून गायनासाठी वापरला जाणारा साधा डायनॅमिक मायक्रोफोन फोममध्ये गुंडाळून घोडीच्या दोन पायांच्या मधल्या जागेत किंवा टेलपीसखाली खोचला जातो. वाद्याला चिमट्याने अडकवण्याचे छोटे कंडेन्सर मायक्रोफोन अधिक स्पष्ट असतात, पण त्यांची किंमत जास्त असते आणि त्यांना बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो.

घोडीच्या फटीतील पीझो: पियर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधलेल्या दाबविद्युत परिणामावर हे पिकअप चालतात. विशिष्ट स्फटिकांवर किंवा सिरॅमिकवर दाब पडला की त्यात विद्युत दाब निर्माण होतो. घोडीच्या दोन्ही बाजूंना पंखासारख्या फटी असतात, त्यांत ही पातळ चकती दाबून बसवली जाते. बसवण्यासाठी तारा उतरवाव्या लागत नाहीत आणि वाद्यात कायमचा बदल होत नाही. या पिकअपचा आवाज स्पष्ट आणि मध्यम स्वरांत ठळक असतो. फट सैल असेल तर आवाज पातळ येतो आणि अति घट्ट असेल तर घोडीच्या पंखाला तडा जाऊ शकतो, म्हणून बसवताना काळजी घ्यावी लागते.

घोडीच्या पायाखालील पीझो: हा पिकअप घोडीचा पाय आणि पेटीचा वरचा पृष्ठभाग यांच्यामध्ये बसतो. पेटीच्या कंपनांचा अधिक भाग घेत असल्यामुळे त्याचा आवाज गडद आणि लाकडी वाटतो, परंतु मोठ्या आवाजात तो लवकर घुमू लागतो. तो बसवताना सर्व तारा एकाच वेळी पूर्ण सैल केल्यास पेटीतील साउंडपोस्ट पडण्याची शक्यता असते. त्यामुळे हे काम जाणकार कारागिराकडून करून घेणे योग्य ठरते.

घोडीच्या स्क्रूमधील पीझो: घोडीच्या पायांत उंची कमी-जास्त करण्याची चाके असतील, तर त्यांपैकी एका चाकाच्या जागी पिकअप असलेले चाक बसवता येते. याचा आवाज वरील दोन प्रकारांच्या मधला मानला जातो आणि गजाने वाजवतानाही तो तुलनेने सौम्य राहतो. चाके आधीच नसल्यास ती बसवण्याचा खर्च पिकअपच्या किमतीत धरावा लागतो.

चुंबकीय पिकअप: फिंगरबोर्डच्या टोकाशी बसवला जाणारा हा पिकअप तारेची हालचाल ओळखतो, पेटीची नाही. त्यामुळे फीडबॅक फार कमी होतो आणि आवाज बेस गिटारकडे झुकतो. त्याला लोहयुक्त तारा आवश्यक असतात. आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांवर तो चालत नाही.

सुट्या पीझो चकत्या: इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात बझरसाठी मिळणारी सुमारे २७ मिलिमीटर व्यासाची पितळी चकती हा सर्वांत कमी किमतीचा पिकअप ठरतो. ती घोडीवर दुहेरी चिकटपट्टीने लावतात. आवरण नसल्याने ती विद्युत गुणगुण लवकर पकडते आणि तिचे सांधे नाजूक असतात. तरीही प्रयोग आणि सरावासाठी ती पुरेशी असते.

रॉकअबिली शैलीत तार फिंगरबोर्डवर आपटल्याचा ठोका हा संगीताचा भाग असल्याने काही वादक घोडीवर एक आणि फिंगरबोर्डखाली एक असे दोन पिकअप वापरतात.

मायक्रोफोन आणि पिकअप यांचे मिश्रणही केले जाते. मायक्रोफोन तारांपासून १५ सेंटिमीटर दूर असल्यास त्याचा संदेश पिकअपपेक्षा सुमारे ०.४४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही समान प्रमाणात मिसळले तर ११०० हर्ट्झच्या आसपासचे स्वरघटक एकमेकांना छेद देऊन क्षीण होऊ शकतात. म्हणून अशा मिश्रणात खालच्या स्वरांसाठी पिकअप आणि वरच्या स्वरांसाठी मायक्रोफोन अशी विभागणी करण्याची पद्धत आहे.

इनपुट इम्पीडन्स आणि प्रीअ‍ॅम्प

स्वस्त संचाचा आवाज पातळ येण्याचे नेहमीचे कारण पिकअप नसून तो कशाला जोडला आहे हे असते. पीझो पिकअप विद्युतदृष्ट्या एका लहान कपॅसिटरसारखा वागतो. तो ज्या उपकरणाला जोडला जातो, त्याचा इनपुट इम्पीडन्स आणि पिकअपची धारकता मिळून एक फिल्टर तयार होतो. हा फिल्टर एका ठरावीक वारंवारतेखालील स्वर कापतो. ही वारंवारता १ ÷ (२π × इम्पीडन्स × धारकता) या सूत्राने मिळते.

उदाहरणार्थ, पिकअपची धारकता १ नॅनोफॅरड असेल तर:

• १० किलोओहम इनपुट असलेल्या मिक्सरला थेट जोडल्यास सुमारे १६,००० हर्ट्झखालील सर्व काही क्षीण होते. म्हणजे संगीत जवळजवळ उरत नाही.
• १ मेगाओहमच्या बेस अ‍ॅम्पला जोडल्यास ही सीमा सुमारे १६० हर्ट्झवर येते. चारही मोकळ्या तारांच्या मूळ वारंवारता तिच्या खाली राहतात.
• १० मेगाओहमच्या प्रीअ‍ॅम्पला जोडल्यास सीमा सुमारे १६ हर्ट्झवर जाते आणि वाद्याचा संपूर्ण स्वरपट्टा जसाच्या तसा मिळतो.

२७ मिलिमीटरच्या बझर चकतीची धारकता सुमारे २० नॅनोफॅरड असल्याने १ मेगाओहमवर तिची सीमा ८ हर्ट्झ भरते. म्हणून काही वेळा ही स्वस्त चकती साध्या अ‍ॅम्पवर महागड्या पिकअपपेक्षा भरदार वाटते. यातून चकती श्रेष्ठ असल्याचे सिद्ध होत नाही, जोडणी जुळल्याचे मात्र दिसते.

पिकअप आणि प्रीअ‍ॅम्प यांमधील तारेची लांबीही महत्त्वाची असते. गिटारच्या केबलची धारकता दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली, तर ६ मीटरच्या केबलमुळे १ नॅनोफॅरडच्या पिकअपचा संदेश सुमारे ४ डेसिबलने घटतो. म्हणून पहिली केबल आखूड ठेवावी आणि प्रीअ‍ॅम्प वाद्याजवळ असावा, असे सुचवले जाते. सभागृहाच्या मिक्सरकडे संदेश नेण्यासाठी डीआय बॉक्स वापरतात. पीझो पिकअप ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या पॅसिव्ह डीआयला थेट जोडणे टाळावे लागते, कारण त्याचा इनपुट इम्पीडन्स पीझोसाठी फार कमी असतो.

प्रीअ‍ॅम्पमध्ये इम्पीडन्सखेरीज तीन सोयी उपयुक्त ठरतात. पहिली हाय-पास फिल्टर, जो ३० ते ६० हर्ट्झखालील निरुपयोगी धडधड काढून टाकतो. पावलांचे धक्के, रंगमंचाची थरथर आणि वाद्य हाताळल्याचे आवाज ध्वनिवर्धकाची बरीच शक्ती खातात. ते काढल्यास लहान स्पीकरही अधिक मोठ्याने आणि स्वच्छ वाजतो. दुसरी पोलॅरिटी उलटवणारे बटण आणि तिसरी विशिष्ट वारंवारता कापणारा नॉच फिल्टर. या दोन्हींचा उपयोग फीडबॅक रोखण्यासाठी होतो.

ध्वनिवर्धक आणि स्पीकर

वॅट या आकड्यावरून ध्वनिवर्धकाची तुलना करणे फसवे ठरते. शक्ती दुप्पट केल्यास आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते आणि आवाज दुप्पट मोठा भासण्यासाठी साधारणतः १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ३०० वॅटऐवजी ५०० वॅटचा ध्वनिवर्धक घेतल्यास फरक जेमतेम २ डेसिबलचा असतो. याउलट, १ वॅटला १ मीटर अंतरावर ९० डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९६ डेसिबल देणारा स्पीकर वापरल्यास चौपट शक्तीचा परिणाम मिळतो. म्हणून स्पीकरची संवेदनक्षमता पाहणे अधिक उपयुक्त असते.

गायक, पियानो आणि डबल बेस अशा शांत संचासाठी ५० ते १०० वॅटचा लहान कॉम्बो साधारणपणे पुरतो. ड्रमवादकाबरोबर वाजवताना २०० ते ३०० वॅट आणि १० किंवा १२ इंची स्पीकर सोयीचा ठरतो. मोठ्या सभागृहात श्रोत्यांसाठी तेथील ध्वनियंत्रणा असते. अशा वेळी वादकाचा अ‍ॅम्प केवळ रंगमंचावर ऐकू येण्यापुरता लागतो.

कमी खर्चात उपलब्ध असणारे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

• बेस गिटारचा कॉम्बो: वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात सर्वाधिक मिळतो. अनेकांत खालचे स्वर मुद्दाम फुगवलेले असल्याने डबल बेससाठी बेसचे नियंत्रण कमी करावे लागते.
• कीबोर्ड अ‍ॅम्प आणि स्वयंचलित पीए स्पीकर: यांचा प्रतिसाद तुलनेने सपाट असल्यामुळे वाद्याचा मूळ आवाज फारसा बदलत नाही. पीए स्पीकरला वेगळा प्रीअ‍ॅम्प आवश्यक असतो, पण तोच स्पीकर गायन किंवा इतर वाद्यांसाठीही वापरता येतो.
• अकूस्टिक गिटारचा अ‍ॅम्प: मायक्रोफोन आणि पिकअप दोन्ही जोडता येतात. खालच्या स्वरांत त्याची मर्यादा लवकर येते, त्यामुळे तो घरगुती मैफलीसारख्या लहान जागेपुरता ठीक असतो.
• क्लास-डी हेड आणि वेगळी स्पीकरपेटी: वजनाला हलका आणि टप्प्याटप्प्याने वाढवता येण्याजोगा प्रकार, परंतु सुरुवातीचा खर्च अधिक.

स्पीकरपेटी बंद आहे की छिद्र असलेली, यावरही आवाज अवलंबून असतो. छिद्र असलेली पेटी एका मर्यादेपर्यंत अधिक खालचे स्वर देते, पण त्या मर्यादेखाली पडद्यावरील नियंत्रण सुटते आणि तो इजा होईपर्यंत हलू शकतो. अशा पेटीसोबत हाय-पास फिल्टर हे संरक्षणाचे साधन ठरते.

फीडबॅक आणि त्यावरील उपाय

स्पीकरचा आवाज पेटीला कंपित करतो, पिकअप ते कंपन पुन्हा ध्वनिवर्धकाकडे पाठवतो आणि हे चक्र वाढत जाऊन एकच स्वर घुमत राहतो. डबल बेसमध्ये हे बहुधा पेटीच्या मुख्य अनुस्पंदनांजवळ, म्हणजे खालच्या स्वरांत घडते. त्यामुळे कर्कश शीळ न येता खोल घुमारा येतो आणि तो सुरू झाल्याचे सुरुवातीला ध्यानातही येत नाही.

अनेक उपायांना कोणताही खर्च येत नाही. स्पीकर वादकाच्या मागे थेट पाठीशी न ठेवता बाजूला ठेवावा. तो जमिनीवर आणि कोपऱ्यात ठेवल्यास खालचे स्वर फुगतात, म्हणून खुर्चीवर किंवा स्टँडवर उचलून वादकाच्या कानाकडे तिरका करावा. वादकाला स्वतःचा आवाज नीट ऐकू आला की एकूण आवाज कमी ठेवता येतो. पोलॅरिटीचे बटण दोन्ही स्थितींत वापरून पाहावे. १०० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असल्याने लहान रंगमंचावर या बटणाचा परिणाम स्पष्ट जाणवतो. घोडी आणि टेलपीस यांमधील तारांच्या भागात कापड गुंफल्यास अनावश्यक घुमारा घटतो. पेटीवरील ‘एफ’ आकाराच्या छिद्रांत फोमचे तुकडे बसवल्यास हवेचे अनुस्पंदन मंदावते.

वीजपुरवठा आणि गुणगुण

भारतात वीजपुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असतो. सदोष अर्थिंगमुळे येणारी गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर ऐकू येते. ५० हर्ट्झ ही वारंवारता ई तारेवरील जी (४९ हर्ट्झ) आणि जी शार्प (५२ हर्ट्झ) या स्वरांच्या मध्ये, तर १०० हर्ट्झ मोकळ्या जी तारेच्या अगदी जवळ पडते. त्यामुळे बेसमधील गुणगुण फिल्टरने काढताना वाद्याचे स्वरही कापले जातात; ती उगमापाशीच थांबवणे आवश्यक असते. त्यासाठी डीआय बॉक्सवरील ग्राउंड-लिफ्टचे बटण वापरतात. गुणगुण जावी म्हणून प्लगमधील अर्थिंगची पिन काढणे जिवावर बेतू शकते. अमेरिकेतून आणलेले जुने ध्वनिवर्धक १२० व्होल्टसाठी बनवलेले असल्यास ते येथे योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय जोडता येत नाहीत.

मर्यादित खर्चातील निवड

उपलब्ध रकमेचा मोठा भाग ध्वनिवर्धकावर खर्च करून पिकअप आणि प्रीअ‍ॅम्प यांत काटकसर करणे ही सुरुवातीच्या वादकांची सामान्य चूक समजली जाते. संदेशातून जे सुरुवातीलाच हरवले, ते पुढचा कितीही मोठा ध्वनिवर्धक परत आणू शकत नाही. म्हणून खर्चाचा क्रम साखळीच्या क्रमानेच ठरवणे हिताचे असते.

पहिला खर्च वाद्याच्या देखभालीवर करावा. घोडी नीट बसलेली, तारा योग्य उंचीवर आणि साउंडपोस्ट योग्य जागी असल्यास वाद्याचा मूळ आवाज वाढतो आणि ध्वनिवर्धनाची गरजच कमी होते. दुसरा खर्च पिकअपवर, तिसरा उच्च इम्पीडन्स आणि हाय-पास फिल्टर असलेल्या प्रीअ‍ॅम्पवर करावा. चांगला प्रीअ‍ॅम्प हाताशी असला, की सभागृहातील यंत्रणा, मित्राचा अ‍ॅम्प किंवा भाड्याचा स्पीकर यांपैकी कशावरही जवळपास सारखाच आवाज मिळतो. त्यामुळे स्वतःचा ध्वनिवर्धक शेवटी घेतला तरी चालतो.

वापरलेला ध्वनिवर्धक घेताना स्वतःचे वाद्य सोबत नेणे इष्ट असते. बेस गिटारवर उत्तम वाटणारा अ‍ॅम्प डबल बेसवर घुमू शकतो. मोकळी ई तार आधी हळू आणि नंतर कार्यक्रमाच्या आवाजात वाजवून पेटीचा खडखडाट ऐकावा. नियंत्रणे फिरवताना येणारी खरखर, पंख्याचा आवाज आणि व्होल्टेजची नोंद तपासावी. अ‍ॅम्पचे वजन हाही खर्चाचाच भाग आहे, कारण वादकाला तो डबल बेससोबत वाहून न्यावा लागतो.

वाद्यवृंदाचा आवाज सतत फार मोठा असेल, तर पोकळ पेटी नसलेला विद्युत अपराइट बेस किंवा बेस गिटार हा अधिक व्यवहार्य पर्याय ठरतो. उलट, सहवादकांनी आवाज कमी केल्यास काहीही विकत न घेता प्रश्न सुटू शकतो.

मुंबई आणि गोव्याच्या संदर्भात

मुंबईत १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात जॅझ वाद्यवृंद वाजू लागले. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा अमेरिकन वाद्यवृंद तेथे आला होता. पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेल्या अनेक गोमंतकीय वादकांनी हॉटेलांतील बँड आणि हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद या दोन्ही ठिकाणी काम केले आणि डबल बेस या वाद्यवृंदांचा भाग होता. १९७८ मध्ये मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. अभिजात संगीतासाठी बांधलेल्या सभागृहात हे वाद्य ध्वनिवर्धनाविना वाजते.

कोकण किनाऱ्यावरील हवामानाचा या वाद्यावर ठळक परिणाम होतो. पावसाळ्यातील दमट हवेत पेटीचे लाकूड फुगून वरचा पृष्ठभाग उचलला जातो आणि तारांची उंची वाढते. कोरड्या हवेत याच्या उलट घडते. त्यामुळे घोडीच्या फटीत घट्ट बसलेला पिकअप ऋतूनुसार सैल किंवा अति घट्ट होऊ शकतो आणि त्याचा आवाज बदलतो. उंची बदलता येणारी घोडी अशा ठिकाणी वादन आणि ध्वनिवर्धन या दोन्हींसाठी उपयुक्त ठरते.

हेही पाहा

• डबल बेस
• बेस गिटार
• पीझोइलेक्ट्रिक परिणाम
• मायक्रोफोन
• अनुस्पंदन
• जॅझ